पाचशे छापलेले बारा बाण

वर्षभर माझ्या हाताला नावं ठेवली गेली. मी ती ऐकून घेतली, हे मला अजून पटत नाही. मी ऐकून घेणारी बाई नाही. आमच्या नेरे गावात भावकीतल्या कुणालाही विचारा.

हे सगळं धनुष्यबाणावरून झालं. मुठ्याला माझं माहेर. तिथे भावाचं एक लांबट खाचर आहे. भात निघालं की ते दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत मोकळं असतं. पुण्याकडची सात-आठ माणसं दर रविवारी सकाळी तिथे येतात आणि साधं, जुन्या पद्धतीचं धनुष्य चालवतात. त्याला नेम धरायची काच नसते, चाकं नसतात, तोल सांभाळायच्या दांड्या नसतात. बाण मात्र कार्बनचे, कारण आमच्याकडच्या ओलीत लाकडी बाण वाकडे होतात. भाऊ त्यांना पेंढ्याचे भारे घट्ट आवळून देतो, त्यावर कागद टाचतात आणि वीस मीटरवरून मारतात.

दोन वर्षांपूर्वी माहेरी गेले असताना मी बांधावर उभी राहून बघत होते. शिकवणारे सर कोथरूडचे, नोकरी लवकर सोडलेले, बोलायला गोड. ते हसत म्हणाले, "काकू, ओढून बघायचंय?" काकू म्हणायला ते माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असतील. मी धनुष्य घेतलं आणि दोरी गालापर्यंत ओढून धरली. त्यावर पस्तीस असा आकडा होता. तो ओढायला जड असतो हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे जड वाटायचं राहून गेलं. सगळे बघत राहिले. पिरंगुटच्या कारखान्यात बावीस वर्षं लोखंडी पिनांच्या पेट्या उचललेल्या खांद्याला पस्तीस पौंडांचं काय ते!

मी दर रविवारी जायला लागले. मुलगी सासरी, घरातल्या चार खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारे भाडेकरू, आणि आमचे हे शाळेची बस चालवतात. रविवार माझा होता. पन्नाशीत धनुष्य कशाला म्हणून नणंदा हसल्या. हसू देत. त्या संक्रांतीच्या वाणातही हसतात.

त्या मैदानावर एक रीत होती. प्रत्येक जण डझनभर बाण एकदम घ्यायचा. त्यातले चारपाच तुटले, हरवले, की उरलेले कुणी वापरत नसे. ते एका जाड प्लास्टिकच्या पाइपात जायचे. नव्या माणसानं त्या पाइपातून घ्यायचे. मीही तिथूनच बारा घेतले. सगळ्यांवर पाचशे छापलेलं. हा आकडा बाण किती लवतो त्याचा. आकडा मोठा तर बाण मऊ, लहान तर ताठ. माझ्या धनुष्याला पाचशे बरोबर, असं सर म्हणाले. मी बाराही बाणांची जुनी पिसं खरवडून काढली, पिवळी नवी पिसं चिकटवली, आणि माझा डझन तयार झाला. काय देखणा दिसत होता!

आणि मग माझे बाण डावीकडे जायला लागले. सगळे नाही. बारातले तीनचार डावीकडे, एखाददुसरा उजवीकडे, बाकीचे मध्यात. पुढच्या फेरीला पुन्हा तसंच. सर म्हणायचे, "काकू, बोटं एकसारखी सुटत नाहीत तुमची." मी बोटं बघायची. "काकू, कोपर खाली येतंय." मी कोपर वर घ्यायची. घरी आरशासमोर दोरीचा तुकडा ओढून सराव केला. भाकरी थापताना मनगट बघत बसायची. आमचे हे म्हणाले, "अगं, भाकरी करपली."

माघात सरांनी सांगितलं की यंदा उन्हाळ्यात साध्या धनुष्याच्या सामन्याला आपले चौघे जातील. तीन नावं ठरलेलीच होती. चौथ्या जागेसाठी मी आणि महाळुंग्याच्या टॉवरमध्ये राहणारा एक जण. तो संगणकात काम करतो, मला ताई म्हणतो, स्वभावानं चांगला. मला ती जागा हवी होती. उगाच "माझं काय, मी आपली हौस म्हणून" वगैरे मी म्हणणार नाही. मला हवी होती. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल पास केला, मला कधी कुणी कशासाठी निवडलं नव्हतं.

त्या रविवारी माझे तीन बाण पुन्हा डावीकडे गेले. सर जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "काकू, राग मानू नका. वयाचाही भाग असतो. तुम्ही मजेसाठी मारा, सामन्याचं टेन्शन कशाला घेता?"

मी म्हणाले, "सर, एकादा बाणच खोटा असंल."

तेव्हा तो महाळुंग्याचा हसत बोलून गेला, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं!"

सगळे हसले. भाऊसुद्धा हसला, पेंढा आवळता आवळता. मी धनुष्याची दोरी उतरवली आणि बसला निघाले. वाटेत माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. त्या म्हणीतल्या बाईला सगळे हसतात, पण अंगण वाकडं आहे की नाही हे कुणी मोजलं होतं का? कुणी दोरी धरली होती? नाही ना? मग हसता कशाला?

घरी पोचेपर्यंत मला स्वतःचाच जास्त राग आला होता. कारण मी कोण? मी तपासणी खात्यातली बाई. गाडीत बसणाऱ्या पिना मोजायचं काम. पेटीवर काय छापलंय त्यावर मी बावीस वर्षं विश्वास ठेवला नाही, काटा काय दाखवतोय ते बघितलं. आणि इथे पाचशे छापलेले बारा बाण वर्षभर हातात घेऊन हिंडले. ते चार-पाच वेगवेगळ्या डझनांतले उरलेले होते, हे मला माहीत होतं. मीच त्यांना एका रंगाची पिसं लावली आणि मीच फसले. एका रंगाची झबली घातली म्हणून शेजारपाजारची पोरं भावंडं होत नाहीत.

एकदा कारखान्यातही मी फसले होते, पण तिथे माहीत असून. एका लॉटच्या पिना माझ्या काट्यावर जास्त भरत होत्या. सुपरवायझर म्हणाला, "बाई, तुमचा हात हलतोय." मी पुन्हा मोजलं. तो म्हणाला, "हात हलतोय." तिसऱ्यांदा मोजून तेच आलं, आणि तरी मी माल पास म्हणून हिरवं स्टिकर लावलं. आठवड्यात तो लॉट परत आला. मला कुणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं. माझं माप खरं होतं आणि मी ते टिकवलं नाही.

पुढे त्यांनी ती लाइनच दुसरीकडे हलवली आणि आम्हा बायकांना घरी बसवलं. निरोपाला प्रत्येकीला साडी होती. मी म्हटलं, साडी नको, माझा जुना डायल द्या. डायल म्हणजे घड्याळासारखं मापाचं यंत्र. खालचा दांडा केसभर जरी सरकला तरी वर काटा फिरतो. ऑफिसातली माणसं हसली, पण दिला त्यांनी. तो मी गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो बाहेर काढला. जुन्या पलंगाची सागवानी फळी घेतली, तिच्यावर अठ्ठावीस इंचांवर दोन ठोकळे ठोकले, ठोकळ्यांना खाचा पाडल्या. खाचांवर बाण आडवा ठेवायचा, मधोमध वजन अडकवायचं, आणि तो किती लवला ते डायलवर बघायचं. वजनाला घरातलं किलोचं लोखंडी माप घेतलं. छापलेला आकडा काढायला ठरावीक वजन लागतं म्हणतात, पण मला आकडा नकोच होता. मला एकाचं दुसऱ्याशी जमतं का एवढंच बघायचं होतं. त्याला वजन कुठलंही चालतं, फक्त दर वेळी तेच हवं.

आमचे हे दुपारच्या फेऱ्यांच्या मधे घरी आलेले. बघून म्हणाले, "बाण हाय का तुळई हाय? येवढं मोजून काय करनार?"

"तुमी फकस्त वजन अडकवा. हळू. आन बोलू नका."

पहिला बाण ठेवला, वजन लावलं, काटा शून्यावर आणला. दुसरा ठेवला. काटा सहा घरं पुढे. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, त्यामुळे सहा घरं म्हणजे काहीच नाही. तिसरा ठेवला आणि काटा अठ्ठ्याहत्तर घरं मागे राहिला. बाण लवायलाच तयार नाही. मला वाटलं वजन नीट बसलं नसेल. पुन्हा केलं. अठ्ठ्याहत्तर. तेवढ्यात रस्त्यावरून खडीचा डंपर गेला आणि काटा थरथरायला लागला. आमच्या इथे आता दर पाच मिनिटांनी एक जातो. तो जाईपर्यंत थांबले, तिसऱ्यांदा केलं. अठ्ठ्याहत्तर.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काय न्हाई. फुडचा द्या."

बाराही झाले. सात बाण एकमेकांपासून दहा-बारा घरांत. तीन खूप ताठ. दोन बरेच मऊ. प्रत्येक बाण जागेवर फिरवूनही बघितला, कारण कार्बनच्या नळीला एक बाजू ताठ असू शकते. पण तो फरक किरकोळ होता. खरा घोळ बाणाबाणांतला होता. मी पेनानं एक ते बारा आकडे घातले. तीन, सात, अकरा ताठ. पाच आणि नऊ मऊ. आमचे हे चष्मा वर करून म्हणाले, "मंजे तुझा हात हलत न्हवता तर." बावीस वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं. मी आत जाऊन चहा ठेवला, कारण डोळे भरून आले होते आणि ते मला दाखवायचं नव्हतं.

बुधवारी एकटी मुठ्याला गेले आणि आकडे बघून मारले. दोरी सुटते तेव्हा धनुष्य बाणाच्या वाटेतच उभं असतं. बाण सरळ जाऊच शकत नाही. गर्दीतून अंग चोरून जाणाऱ्या बाईसारखा तो लवून धनुष्याच्या कडेनं निघतो. जो ताठ असतो त्याला अंग चोरता येत नाही, तो डावीकडे ढकलला जातो. मऊ असतो तो जास्त लवतो आणि उजवीकडे. तीन, सात, अकरा डावीकडे गेले. पाच आणि नऊ उजवीकडे. पाच फेऱ्या केल्या, पाचही वेळा तसंच. मोकळ्या खाचरात मी मोठ्यानं एक शिवी दिली. कुणाला ते सांगत नाही.

रविवारी फळी, डायल आणि वजन घेऊन ह्यांच्या स्कूटरवरून गेले. भावाच्या पडवीत, वारा लागणार नाही अशा जागी मांडलं. सर आले, बघितलं, हसले. "काकू, कार्बन आहे हो हे. लाकूड नव्हे. मशिनवर बनतं."

"मशिनीवर बनतंय म्हनूनच मोजावं लागतंय, सर. बावीस वर्सं मशिनीवरचंच मोजलंय मी. तुमचे द्या हितं."

त्यांनी दिले. न देऊन करतात काय, सगळे भोवती जमलेले. त्यांचा डझन नऊ घरांत बसला. मी तसं मोठ्यानं सांगितलं, कारण माल चांगला असेल तर चांगला म्हणायचं असतं. मग महाळुंग्याच्याचे घेतले. दहा छान. अकरावा ठेवला तर काटा थांबेचना, सावकाश सरकतच राहिला. मी वजन काढलं, बाण कानाशी नेऊन जरा लववला. पिसांच्या पुढे बारीक कर्रर्र आवाज. बघितलं तर केसासारखी चीर. असा बाण सुटताना फुटला तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. त्यानं तो सकाळीच दोनदा मारला होता. तो आपल्या डाव्या हाताच्या पंजाकडे बघत राहिला. "सॉरी ताई," म्हणाला, आणि ते त्या बाणाबद्दल नव्हतं हे मला कळलं.

मग मी माझे बारा काढले. आकड्यांवर चिकटपट्टी लावून आणली होती. म्हटलं, "सर, आता हे तुमी मारा. तुमचा हात चांगला हाय ना? मग मारा."

सर खरंच चांगले मारतात. ते माझं धनुष्य घेऊन उभे राहिले आणि बारा बाण एका लयीत सोडले. तीन डावीकडे, दोन उजवीकडे, सात मध्यात पिवळ्या पिसांचा गुच्छ. भाऊ भाऱ्यापाशी गेला आणि डावीकडच्यांची पट्टी काढून ओरडला, "तीन! अकरा! सात!" त्याचा आवाज असा चढला होता, जसं काही त्यानंच मोजलं होतं. हसला होता ते सोयीनं विसरला.

सर स्वतः जाऊन आकडे बघून आले. म्हणाले, "मी वर्षभर तुम्हाला हात सुधारा म्हणत होतो."

"व्हय," मी म्हणाले. "म्हनत व्हता." जाऊ द्या, असं म्हणायची पद्धत असते. मी म्हणाले नाही. का म्हणावं?

त्या दिवशी जेवणं होऊन गेली तरी मी पाइपातले सगळे बाण मोजत बसले होते. एकेचाळीस निघाले. जुळणारे जुळणाऱ्यांबरोबर घालून रबरानं बांधले, चीर गेलेले दोन मोडून टाकले. त्यातूनच माझ्यासाठी बारा काढले, सगळे आठ घरांत. नवे विकत घ्यायची गरजच नव्हती. चांगला माल त्या पाइपातच होता, फक्त कुणी निवडला नव्हता. मैदानावरची रीत त्या दिवसापासून बदलली. आता बाण पाइपात जायच्या आधी माझ्या फळीवरून जातो.

पंधरा दिवसांनी चौथ्या जागेची निवड झाली. तीस बाण, प्रत्येकाचे दहापैकी गुण. सर खुर्ची टाकून कागदावर लिहीत होते. महाळुंग्याच्याचे तीस आधी झाले. मी एकोणतीस मारले आणि एकही सातच्या खाली गेला नाही. शेवटच्या बाणाला सहा मिळाले असते तरी जागा माझी होती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

मी दोरी ओढली, गालाला टेकवली, आणि सोडायच्या क्षणी बोटं अडकली. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढाच उशीर. दोरी बाजूला खेचली गेली आणि बाण डावीकडे, भाऱ्याला न लागता, बांधाच्या मातीत.

सर खुर्चीवरून उठले. पेन हातात तसंच. म्हणाले, "काकू, हा धरत नाही आपण. आपटून बिघडला असेल एखादा. दुसरा घ्या आणि मारा."

महाळुंग्याचाही म्हणाला, "हो ताई, मारा ना. इट्स फेअर. माझी काही हरकत नाही." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं.

खोटं कशाला सांगू, मला तो बाण हवा होता. माझा हात दुसऱ्या बाणाकडे गेलासुद्धा. कुणाला काही कळलं नसतं. सगळ्यांनी आता मान्यच केलं होतं की काकूंचा बाण डावीकडे गेला की दोष बाणाचा. महिन्यापूर्वी दोष हाताचा होता, तेव्हाही कुणी बघितलं नव्हतं. आताही कुणी बघत नव्हतं.

"न्हाई सर," मी म्हणाले. "बाण बरोबर हाय. बोटं माजी अडकली."

"मोजल्याशिवाय कसं सांगता?"

"बोटं माजी हायेत. मला कळतंय. शून्य लिवा."

सर लिहीनात. वर्षभर माझ्या नसलेल्या चुका त्यांनी बिनदिक्कत मोजल्या होत्या, आणि आता खरी चूक समोर होती तर पेन कागदाला लागत नव्हतं. मला असा राग आला की काय सांगू. ही काय दया आहे? तेव्हा विश्वास ठेवला नाहीत, आणि आता ठेवायचा तर नको तिथे?

"लिवा म्हनते ना!" माझा आवाज खाचराच्या पार पलीकडे गेला. भाऊ पेंढा टाकून उभा राहिला. "ही चूक मी केलीया. लिवा शून्य."

त्यांनी लिहिलं. चौथी जागा महाळुंग्याच्या माणसाला मिळाली, आणि मी जाऊन बांधातून बाण उपटला. ते शून्य माझं आहे. ते मी कुणालाही देणार नाही. बाणालाही नाही.